इराण्याचं टेबल नि गावचा मांडव

धक्क्यावर जेवणाची सुट्टी झाली की मी सरळ कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जातो. हातात पैसे असले तर खिमा-पाव, नसले तर ब्रुन मस्का नि चहा. संगमरवरी टेबल, कुरकुरणारी लाकडी खुर्ची, डोक्यावर पंखा. अंगावर गोदीची धूळ असते, तरी कुणी उठवत नाही. गल्ल्यावरचा म्हातारा मान हलवतो. एवढीच ओळख, पण मला पुरते.

माझ्या बापाला एवढीही मिळाली नव्हती. गावच्या चहावाल्याकडे त्याची कपबशी वळचणीला खोचलेली. आपणच काढायची, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून प्यायचा, आपणच धुऊन परत खोचायची. घटना 1950 सालीच लागू झालेली. कलम 15 मध्ये दुकान, हॉटेल, उपाहारगृह अशी नावं घेऊन लिहिलंय की जातीवरून कुणाला अडवायचं नाही. कलम दिल्लीत राहिलं नि कपबशी वळचणीत. मुंबईत आल्यावर इराण्याने पहिल्यांदा सगळ्यांच्याच कपात चहा दिला, तेव्हा बाप म्हणे तो कप नुसता हातात धरून बसला होता. चहाचं पार पाणी झालं.

म्हणून इराणी हॉटेलं बंद पडताहेत असं म्हणत रविवारच्या पुरवणीत जे गळे काढतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्यांच्या पुढच्या वाक्याशी आहे. 'इराण्याच्या टेबलावर जात मेली.' कुणाची मेली साहेब?

इराण्याला गिऱ्हाईक पाहिजे, म्हणून तो जात विचारत नाही. ह्यात वाईट काही नाही, पण उगाच त्याला क्रांतिकारक करू नका. 1917 साली बडोद्याच्या पारशी सराईतून बाबासाहेबांना काठ्या घेऊन बाहेर काढणारे पारशीच होते. परदेशात शिकून आलेला माणूस, संस्थानच्या नोकरीतला, अकराव्या दिवशी रस्त्यावर.

आता माझं ऐका. आमच्या टोळीत साताऱ्याकडचा एक मराठा आहे. दोस्त आहे, खराखुरा. गोणीखाली माझा पाय सापडला तेव्हा ह्यानेच मला पाठीवर घेऊन पळापळ केली. रोज एका प्लेटीत आम्ही पाव बुडवतो. 'कवी, बघ, आपल्यात हाय का जातबीत?' हे त्याचं नेहमीचं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं लग्न झालं. अख्ख्या टोळीला पत्रिका. मला म्हणाला, 'गाव लय लांब हाय. तुझा खाडा पडंल. तू नको तरास घिऊस.' बाकी सगळ्यांचे खाडे पडले, ते चालले.

बाबासाहेबांनी 1936 सालीच हे सांगून ठेवलंय. लाहोरच्या मंडळाने सभाच रद्द केली म्हणून त्यांना ते भाषण स्वतः छापावं लागलं. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे, असं त्यात स्वच्छ आहे. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, मलाही ते कळतं. तरी आपलीच पोरं सवर्ण मित्राबरोबर बिर्याणी खाल्ल्याचं कौतुकाने सांगतात तेव्हा मला बोलावंसं वाटतं, दोस्ता, हॉटेल कुणाचंच घर नसतं रे. तिथे त्याला कुणाला जबाब द्यायचा नसतो. आई दारात उभी नसते, भावकी बघत नसते. आपण उठलो की पोऱ्या ओलं फडकं फिरवतो आणि दुसरं गिऱ्हाईक येऊन बसतं.

लग्नाहून येताना तो बुंदीचे लाडू घेऊन आला. इराण्याच्या टेबलावर कागद पसरून माझ्यापुढे ठेवले. 'खा की.' मी दोन खाल्ले. गोड होते. चहाचे पैसे त्या दिवशी त्याने दिले, मी देऊ दिले. गप्प बसलो ह्याचा राग अजून माझ्यावरच आहे.

त्याच्या गावची जत्रा आता जवळ आलीय. उद्या सुट्टीत, त्याच टेबलावर, खिमा येण्याआधी त्याला विचारणार आहे, यंदा मला घरी नेतोस का? खाडा पडला तर पडू दे.