काळ्या अक्षरावरचा खोटा ठपका

अक्षरलेखनाच्या वर्गात रुंद टाकाने फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणाचं एखादं अक्षर काढून दाखवलं, की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, हे हिटलरचं अक्षर ना?" मुलांचा दोष नाही. युद्धपटांत जर्मन कचेरीची पाटी दिसली की अक्षर ठरलेलं असतं: काळं, जाड, टोकदार. पण हा ठपका खोटा आहे. त्याच्यापायी कित्येक पिढ्यांची छपाई आपण बारा वर्षांच्या एका राजवटीच्या नावावर चढवून ठेवली आहे.

गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइन्समध्ये बायबल छापलं, ते याच काळ्या अक्षरांच्या घराण्यातल्या टेक्स्टुरा वळणात. सम्राट माक्सिमिलियनसाठी १५१७ साली निघालेल्या 'थॉयरडांक' या ग्रंथात फ्राक्टुर दिसते. धर्मसुधारक मार्टिन लूथरने केलेलं बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर १५२२मध्ये श्वाबाखर वळणात छापलं गेलं. पुढे विसाव्या शतकापर्यंत जर्मन माणूस पंचांग, कायदा, कविता, कादंबरी सगळं याच अक्षरांत वाचत होता.

आणि नाझींनी या अक्षराचं काय केलं? सुरुवातीला मिरवलं. मग ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षाचा बडा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या सहीचं परिपत्रक निघालं: तथाकथित गॉथिक लिपीला जर्मन समजणं चूक आहे, ती 'श्वाबाखर ज्यू-अक्षरं' आहेत, यापुढे छपाई रोमन वळणात व्हावी. हे धादांत असत्य होतं. छपाई सुरू झाली त्या काळात बहुतेक जर्मन शहरांत ज्यूंना कारागिरांच्या संघात प्रवेशच नव्हता; खिळे पाडणार कोण? खरं कारण व्यवहाराचं असावं, जिंकलेल्या देशांतल्या लोकांना ही अक्षरं वाचता येत नव्हती. त्या परिपत्रकाच्या माथ्यावर पक्षाचं नाव मात्र फ्राक्टुरमध्येच छापलेलं होतं. म्हणजे ज्या अक्षराला आपण नाझी म्हणतो, त्याच्यावर बंदी घालणारे नाझीच होते.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. १९३३नंतर काही टाइप असे निघाले, की त्यांच्या घडणीतच कवायत आहे. एरिख मायरचा 'टानेनबर्ग' घ्या. टाकाची लवचीक वळणं छाटून टाकलेली, रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, सगळीकडे एकच जाडी. जर्मन जुळाऱ्यांनी अशा टाइपांना 'लष्करी बुटांचे' म्हणून नाव ठेवलं होतं आणि ते योग्यच होतं. ते खिळे मी कुठल्याही कामाला वापरणार नाही. पण त्यांच्यासाठी आख्ख्या घराण्याला वाळीत टाकायचं?

आज जर्मनीतले अतिउजवे हेच काळं अक्षर टी-शर्टवर आणि दंडावर मिरवतात. सभ्य माणसांनी ते टाकून दिलं, तर ते त्यांचंच होऊन बसेल. १९४९ साली नव्या लोकशाहीत सुरू झालेल्या 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' या वर्तमानपत्राने हा धाक मानला नाही. त्यांचं मुखपृष्ठावरचं नाव आजही फ्राक्टुरमध्ये आहे. अग्रलेखांचे मथळेसुद्धा २००७पर्यंत त्याच वळणात छापले जात. असं रोजच्या, साध्या कामात ते अक्षर राहिलं पाहिजे.

त्यासाठी ते नीट बघायला हवं. ओफेनबाखच्या क्लिंगस्पोर टाइप फाउंड्रीसाठी रुडॉल्फ कोखने १९२०च्या दशकात केलेली टेक्स्टुरा मी मुलांना भिंगाखाली दाखवतो. उभ्या रेघा एवढ्या जाड, की पान दुरून विणलेलं वाटतं. रेघ जेवढी काळी, तेवढीच रुंद तिच्या शेजारची पांढरी जागा. ठसठशीतपणा येतो तो या समतोलातून. पायाशी टाक तिरका टेकून उमटलेला चौकट आकार. आणि मोठ्या अक्षरांत त्या जाड रेघेला समांतर धावणारी केसाएवढी बारीक रेघ. कोखचा हात किती खुला होता हे ती एक रेघ सांगते. 'काबेल' हा आधुनिक, निरलंकार टाइपही त्याचाच.

अशा अक्षराला जागा लागते आणि शब्द थोडे लागतात. वर्तमानपत्राचं नाव, खानावळीची पाटी, पुस्तकाचं शीर्षक, बाटलीवरचं लेबल. परिच्छेद लावला की आजचा वाचक अडखळतो. मोठं अक्षर फक्त शब्दाच्या आरंभी. एकाशेजारी एक मोठी अक्षरं लावली, की नुसती नक्षी उरते, शब्द हरवतो. अक्षरांत उगाच फट पाडली तर वीण उसवते. जुने जर्मन जुळारी जोर देण्यासाठी शब्द विरळ लावत, तेव्हाही 'सीएच' आणि 'सीके' यांचे जोडखिळे ते सोडवत नसत.

आपल्याकडे हे नियम रोज मोडले जातात. 'ओल्ड इंग्लिश टेक्स्ट' हा याच घराण्यातला फॉन्ट मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या संचाबरोबर संगणकावर आयता येतो आणि इंग्रजी गुणगौरव प्रमाणपत्रांवर विद्यार्थ्याचं आख्खं नाव त्याच्या मोठ्या अक्षरांत छापलं जातं. मुलाला स्वतःचं नाव वाचता येत नाही. शाळा-कॉलेजांनी यंदाची प्रमाणपत्रं छापायला टाकण्याआधी एवढं करावं: वरचं शीर्षक खुशाल या वळणात ठेवावं, आणि नाव साध्या, स्वच्छ अक्षरात छापावं.