भास्कराचार्यांना न्यूटनची कुबडी कशाला?

भास्कराचार्य बीडचे, आणि गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी त्यांनीच लावला. विज्ञानदिनाच्या भाषणांत ही दोन वाक्ये जोडीने येतात आणि टाळ्या घेऊन जातात. पहिल्या वाक्यावर वाद घालायला जागा आहे. दुसरे सरळ चूक आहे.

आधी गावाचे पाहू. जन्म शके 1036, म्हणजे इसवी सन 1114, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड, एवढे खुद्द आचार्यांनीच लिहून ठेवले आहे. बीडलगतची बालाघाट डोंगररांग ही सह्याद्रीचीच शाखा, त्यामुळे बीडकरांचा दावा हवेतला नाही. सतराव्या शतकातला टीकाकार मुनीश्वर हे गाव महाराष्ट्रात, गोदावरीपासून पाच कोसांवर असल्याचे सांगतो. पण घोडे इथेच अडते. कोस दोन मैलांचा धरला तर पाच कोस म्हणजे सोळा किलोमीटर, आणि बीड शहरापासून गोदावरी त्याच्या दुपटीहून लांब आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली आचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेली, तो बिदरचे नाव घेतो. कोणी विजापूर सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटणला तर तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असे त्यात कोरले आहे. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. तरीही नातवाचा मठ पाटणला होता म्हणून आजोबांचा जन्म तिथे ठरत नाही. तात्पर्य, बीड हे एक संभाव्य गाव आहे. त्यापुढे पुरावा जात नाही.

आता गुरुत्वाकर्षण. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडते असे वाटते, असे आचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ‘गोलाध्याया’त स्पष्ट म्हटले आहे. सगळीकडे सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडेल तरी कुठे, हा आचार्यांचा प्रतिप्रश्नही फक्कड आहे. पण याच अर्थाचा विचार ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकातच मांडला होता. म्हणजे ‘पहिले कोण’ ही शर्यत लावली तर आचार्य घरातच हरतात! न्यूटनने 1687 मध्ये सांगितले ते वेगळेच होते. हे आकर्षण विश्वातल्या प्रत्येक दोन वस्तूंमध्ये असते, अंतर दुप्पट झाले की ते चौथाई होते, आणि चंद्राला फिरवणारे बल व फळ पाडणारे बल एकच आहे. हे अंतराचे गणित ‘सिद्धान्तशिरोमणी’त नाही.

अभिमानाने चुकांवर पांघरूण घालायचे म्हटले तर आणखी पंचाईत होते. याच ग्रंथात पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या पोकळ आऱ्यांचे, आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. तसे चाक फिरत राहत नाही. उलट, आपल्याआधीच्या लल्लाने गोलाच्या पृष्ठफळाचे सूत्र चुकवले तेव्हा आचार्यांनी मुलाहिजा ठेवला नाही. वडीलधारा ग्रंथकार म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. चूक दाखवली, आणि पृष्ठफळ हे मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते हे गोलाच्या पृष्ठाचे तुकडे कल्पून पटवून दिले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान ही सवय तरी उचलावी.

मग भास्कराचार्य मोठे कशात? उत्तर ‘बीजगणिता’त आहे. शून्य सोडून अशी पूर्ण संख्या शोधा, की तिच्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. अंदाजाने आकडे घालत बसलात तर जन्म जाईल, कारण सर्वांत लहान उत्तर 22,61,53,980 आहे. आचार्य ते चक्रवाल पद्धतीने मोजक्या पायऱ्यांत काढतात. एक जवळचे उत्तर घ्यायचे, त्यावरून दुसरे अधिक सोयीचे बनवायचे, आणि बाकी एकावर येईपर्यंत चक्र फिरवायचे. ही पद्धतही सर्वस्वी त्यांची नव्हे. ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ नावाची रीत तिच्या पायाशी आहे आणि जयदेवाने ती अकराव्या शतकात किंवा त्याआधी मांडली होती. पण तिला ग्रंथात नेटके रूप देऊन 61 सारखा अडेलतट्टू आकडा वठणीवर आणला तो भास्कराचार्यांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली. फ्रान्समधल्या फर्मा या गणितज्ञाने हाच 61 चा प्रश्न 1657 मध्ये आव्हान म्हणून टाकला. त्याला भास्कराचार्यांचे नावही ठाऊक नव्हते. गुणणारा आकडा स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर असे प्रश्न नेहमी सुटतातच, हे सिद्ध व्हायला पुढे लाग्रांज या गणितज्ञाची वाट पाहावी लागली.

या कामाला न्यूटनच्या दाखल्याची गरज नाही. बीडच्या शाळांना आचार्य आपले म्हणायचे असतील, तर येत्या विज्ञानदिनी भाषणाऐवजी फळ्यावर ‘बीजगणिता’तलेच दुसरे उदाहरण लिहावे: 5967 चा वर्ग गुणिले 67, अधिक 1. उत्तर 48842 चा वर्ग येते की नाही, हे मुलांना स्वतः गुणाकार करून तपासू द्यावे.