अनुशेष कुणाचा मोजला?

गेल्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका गावात बचतगटाच्या बायकांबरोबर बसले होते. फळ्यावर 'अनुशेष' हा शब्द लिहून मी विचारलं, याचा अर्थ काय असेल? एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी मागं उरलेलंच ना? मग त्ये आमच्यापरीस कुणाला ठावं? समद्यांची जेवणं झाल्यावर जे ऱ्हातं, त्येच आमी खातो." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. सरकारी भाषेत अनुशेष म्हणजे द्यायचं राहून गेलेलं. तिच्या भाषेत अनुशेष म्हणजे वाट्याला आलेलं उरलंसुरलं. या दोन अर्थांमधलं अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

मैत्रिणींनो, अर्थसंकल्प म्हटला की आपल्या बैठकांत पेंग येते, हे मला माहीत आहे. पण आपल्या राज्यात एक वेगळी गोष्ट आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासाचा पैसा न्याय्य रीतीने वाटण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. १९९४ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने ती टाकली गेली आणि तीन वैधानिक विकास मंडळं आली. धरणं, कालवे, रस्ते, दवाखाने यांच्यासाठीचा भांडवली पैसा कोणत्या विभागाला किती, याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी डिसेंबर २००१ मध्ये दिलेले निर्देश हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. पुढच्या राज्यपालांनीही वाटपाचे आकडे ठरवून दिले आणि त्यावरून सरकारशी त्यांचे खटकेही उडाले.

मोजणी कशी झाली? राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितकी तूट. तुटीला खर्चाच्या दराने गुणायचं, की झाला अनुशेष. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. पुढच्या समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून सुमारे १४,००७ कोटी काढला. त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या सिंचनाचा होता. मग वर्षानुवर्षं पैसा दिला गेला. कागदावर पैशाचा अनुशेष फिटला, तरी अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा या चार जिल्ह्यांत प्रत्यक्ष सिंचनाचा अनुशेष उरला. म्हणजे पैसा गेला, पाणी आलं नाही. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. ठेकेदाराचा अनुशेष मात्र कधी राहत नाही!

मागास भागांचा हा लढा खरा आहे. मी त्याच मातीतली आहे, त्याची टिंगल करणार नाही. पण माप बघा. सिंचन हेक्टरमध्ये मोजलं, रस्ता किलोमीटरमध्ये, दवाखाना खाटांमध्ये. बाई कशात मोजली? कशातच नाही. हेक्टर ज्याच्या सातबाऱ्यावर, लाभ त्याचा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांमध्ये बायका जेमतेम १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्या बाकीच्या बायकांच्या दृष्टीने कालवा आला काय, न आला काय, नाव नवऱ्याचंच. परित्यक्तेचं तर शिवारही नाही आणि घरही नाही.

मोजणीतून बाई कशी गायब होते, ते ऊसतोडीत पाहा. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल कोयत्याला आणि हिशेबही कोयत्याचाच. ज्या विभागात पाणी आधी पोचलं तिथला ऊस तोडायला, जिथे पोचलं नाही तिथली बाई जाते. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ बायकांची गर्भाशयं काढलेली होती. धरण नसल्यामुळे गर्भाशय गेलं, इतकं सोपं गणित मी मांडत नाही. डॉक्टरांचा लोभ, मुकादमाचा खाडा, पाळीत विसावा नाही, फडात संडास नाही, हे सगळं त्यात आहे. पण गावात पाणी आणि हाताला काम असतं, तर पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहायला कोण गेलं असतं? प्रादेशिक अनुशेषाची वसुली बाईच्या शरीरातून झाली. ती मात्र कुठल्याच समितीच्या कोष्टकात बसत नाही.

आता भांडवली आणि महसुली खर्चाचा भेद. इमारत बांधली की ती भांडवली खर्च, म्हणजे मालमत्ता, म्हणजे विकास. त्या इमारतीत बसणाऱ्या नर्सबाईचा पगार महसुली खर्च, म्हणजे नुसता बोजा. अंगणवाडीची खोली ही गुंतवणूक, आणि तिथे पोरं सांभाळणाऱ्या सेविकेला पगारही नाही, फक्त मानधन. आमच्या कामाच्या भागात एक आरोग्य उपकेंद्र आहे. नवी कोरी इमारत, फरशी, पाट्या, सगळं. कुलूप मात्र पावसाळाभर लटकलेलं, कारण नेमणूकच नाही. त्या गावातली एक पोर बाळंतपणाला जीपमध्ये घालून न्यावी लागली. वाटेतच बाळंत झाली. अनुशेषाच्या हिशेबात ते गाव 'भरून काढलेलं' आहे. भिंत म्हणजे विकास आणि बाई म्हणजे खर्च, ही हिशेबाची रीत कुणी ठरवली?

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, "आधी विभागाचा वाटा तर मिळू द्या, बायकांचं नंतर बघू." हे 'नंतर' आपण स्वातंत्र्याच्या लढ्यापासून ऐकतोय. आणि हा वाटा मिळाल्यावर तो कुणाच्या घरात जातो, हे आत्ता नाही विचारायचं तर कधी?

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा: राज्यपाल निवडून आलेले नसतात, त्यांच्याकडे का जायचं? शंका रास्त आहे. निवडलेल्या विधिमंडळाच्या डोक्यावर राजभवन बसावं, असं मलाही वाटत नाही. पण 'न्याय्य वाटप' हा शब्द घटनेत आहे आणि त्याचा अर्थ आजवर फक्त पुरुषांनी लावला. निवेदन राजभवनावर द्यायचं आणि मोर्चा विधानभवनावर न्यायचा. दोन्ही करायचं.

१९९४ च्या मे महिन्यात विकास मंडळं आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण जाहीर झालं. एकाच सरकारची, एकाच उन्हाळ्यातली ही दोन लेकरं, पण त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली, आणि ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. नव्या मंडळांनी जुनंच माप हाती घेऊ नये, म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. अनुशेष मोजताना बाईचे पाण्याचे हेलपाटे, स्थलांतर आणि जमिनीची मालकी हेही निकष धरा.

२. भांडवली निधीतून इमारत मंजूर करताना तिथली पदं आणि त्यांचे पगार त्याच आदेशात मंजूर करा.

३. लाभक्षेत्रातल्या लाभार्थींची यादी बाई-पुरुष आणि भूमिहीन अशी वेगळी करून ग्रामसभेत वाचा.

४. विकास मंडळांवर निम्म्या बायका घ्या, त्यात ऊसतोड कामगार आणि एकट्या बायका असल्याच पाहिजेत.

पुढच्या महिन्यात आपापल्या गटात एक काम करू या. गावात गेल्या दहा वर्षांत सरकारी पैशातून काय बांधलं, त्याची यादी बायकांनीच करायची. प्रत्येक नावापुढे लिहायचं: उघडं की कुलूपबंद? आणि कुणाच्या उपयोगाचं? ती यादी घेऊन आपण तहसीलपासून राजभवनापर्यंत जाऊ. त्या म्हातारीला आता उरलेलं नको आहे. तिचं जे द्यायचं राहिलंय, ते तिला हवं आहे.