फोटोमागची नावं

गेल्या मे महिन्यात एका रात्री साडेदहाला आमच्या सातवीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. खाली दोनच शब्द, 'वळखा बघू'. शाळेच्या पायऱ्यांसमोर मांडलेली बाकं, खुर्च्यांवर बसलेले गुरुजी आणि बाई, पुढे मांडी घालून बसलेली बुटकी पोरं, मागे बाकावर चढलेली उंच पोरं, आणि मधोमध एका पाटीवर खडूनं लिहिलेलं 'इयत्ता सातवी, २०१६-१७'. मच्छेतल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेचा निरोपाचा फोटो.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत कुणी झोपलं नाही. कुणाचे डोळे मिटलेत, कुणी दुसऱ्याचा स्वेटर घातलाय, कोण फोटोवाल्यानं 'रेडी' म्हणताच शिंकलं, सगळं निघालं. गुरुजींच्या सायकलची घंटी, बाईंच्या पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या, पाढे चुकल्यावर ओट्यावर उभं राहणं. हसून हसून पोट दुखलं. मीही हसले. मग एकानं हिशेब काढला. फोटोत चौतीस पोरं आहेत. एकतीस जणांची नावं लागली. तिघांची कुणालाच आठवेनात. आणि ग्रुपवर आम्ही आहोत तेवीस, त्यात मुली फक्त सहा.

या हिशेबावरूनच हा लेख लिहायला घेतला. माझं म्हणणं साधं आहे. शाळेच्या आणि शिक्षकांच्या आठवणी आपण काढतो ते चांगलंच आहे, पण ज्या पद्धतीनं काढतो ती अर्धीमुर्धी आहे. तिच्यात बरीच माणसं गळतात, आणि त्यांना गाळणारे आपणच असतो.

मच्छे कुठं आहे हे आपल्या मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक नसेल. बेळगावहून खानापूरकडे निघालात की वाटेत लागतं. एका अंगाला औद्योगिक वसाहत, आणि १९९८ साली सुरू झालेलं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आमच्याच गावच्या हद्दीत. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील फौंड्रीत नाहीतर मशीनशॉपमध्ये कामाला. घरात मराठी, बसच्या पाटीवर कानडी, कारखान्यात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. शाळा कर्नाटक सरकारची, माध्यम मराठी. आमच्याकडे मुलीही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. इथे मुंबईत हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी मी 'मी जेवून आलो' म्हटलं आणि अख्खी रूम हसली. आता मी 'आले, गेले' म्हणते. गावाकडे फोन लावला की परत 'आलो'.

हॉस्टेलवर मुली जमल्या की शाळेच्या पुस्तकांचा विषय हमखास निघतो. अमुक कविता आठवते का, तो धडा आठवतो का. सगळ्या एका सुरात म्हणायला लागतात आणि मी नुसती मान हलवते. कारण त्यांची पुस्तकं बालभारतीची, १९६७ पासून महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वाचलेली. आमची मराठीची पुस्तकं यायची बेंगळुरूहून, कर्नाटकच्या पाठ्यपुस्तक मंडळाकडून. ती वाईट होती असं मी म्हणत नाही. पण महाराष्ट्रातल्या मुलांशी जोडणारी जी एक सामाईक आठवण असते, ती आम्हा सीमाभागातल्या पोरांकडे पुस्तकातून आलेली नाही. आमच्याकडे आहेत ते गुरुजी, बाई आणि हा फोटो. म्हणून त्याचं वजन आमच्यासाठी जरा जास्त आहे.

आता आपण शिक्षकांना कसं आठवतो ते बघा. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवत होते. त्यांचे चितळे मास्तर आपल्या इतके डोक्यात बसलेत की प्रत्येकाला आपले मास्तरही तसेच एक 'वल्ली' वाटतात. मग लकबी आठवतात, टोपणनावं आठवतात, काम मात्र आठवत नाही. आमच्या बाई काय काम करायच्या? मे महिन्याच्या उन्हात घरोघर जाऊन 'पोरीला शाळेत घाला' म्हणून सांगायच्या. दिवसभर मराठीत शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर सरकारचे सगळे तक्ते, सगळी माहिती कानडीत भरायच्या. निवडणूक आली की मतदारयाद्या. ज्या आयांना कानडी वाचता यायचं नाही त्या रेशनचा, बँकेचा कागद घेऊन मधल्या सुट्टीत दारात उभ्या असायच्या, आणि बाई डबा बाजूला ठेवून तो वाचून दाखवायच्या. हे ग्रुपवर कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही. आईनं सांगितलं तेव्हा कळलं.

सीमाप्रश्न म्हटला की आपल्याला १९५६ ची राज्य पुनर्रचना आठवते, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आठवतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आठवतो. ते सगळं महत्त्वाचं आहेच. त्याच १९५६ साली राज्यघटनेत कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकता यावं म्हणून राज्यानं पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. पण कलमाला हात नसतात. त्या 'सोयी'ला हजेरीपुस्तक, खडू आणि एक बाई लागतात. आमच्या गावात मराठी अक्षरं गिरवली गेली ती त्या बाईंच्या हाताखाली.

इंदिरा संतांचं नाव मंडळात सगळ्यांना माहीत आहे. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आपण परीक्षेत लिहिलंय. त्या बेळगावात स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवायच्या, पुढे तिथं प्राचार्य झाल्या, हे मात्र आपण एका ओळीत उरकतो. ती ओळ मला आता मोठी वाटते. म्हणजे किती तरी बाई त्यांच्या वर्गात बसून मग आसपासच्या गावांत शिकवायला गेल्या असतील. कवयित्री आपल्याला माहीत आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या त्या शिक्षिकांची नावं कुठे लिहिलेली असतील तर ती गावोगावच्या शाळांतल्या एखाद्या फोटोच्या मागे.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही.

मी वर्गाची मॉनिटर होते. फोटोचे चाळीस रुपये गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. नोटाबंदीनंतरचे ते महिने होते, रोजंदारीच्या घरात रोख पैशाची ओढाताण होती. बहुतेकांनी आज-उद्या करत पैसे आणले. एका मुलीनं आणले नाहीत. ती माझ्याच बाकावर बसायची. फोटोच्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, 'पैसे दिले नाहीस तर फोटोत कशाला येतेस?' बारा-तेरा वर्षांच्या मॉनिटरला अधिकाराची जी नशा असते, ती माझ्यात पुरेपूर होती. ती काही बोलली नाही. शाळेच्या नळाकडे जाऊन उभी राहिली. रांगा लागल्यावर बाईंनी विचारलं, 'सगळे आले काय गं?' मी म्हटलं, 'होय बाई.'

बाईंना कळलं असतं तर त्यांनी स्वतःच्या पर्समधून चाळीस रुपये काढले असते, याबद्दल मला शंका नाही. म्हणून तर मी सांगितलं नाही. आठवीला ती हायस्कूलला आमच्याबरोबर आली नाही. त्या रात्री ग्रुपवर फोटो आला, आम्ही डोकी मोजली, न ओळखू येणाऱ्या तिघांची चर्चा केली. पण जी फोटोतच नाही तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? फोटोत रिकामी जागा दिसत नाही. पोरं सरकून बसतात.

सुट्टीत गावी गेल्यावर आम्ही चौघं बाईंकडे गेलो. त्या आता निवृत्त आहेत. 'कुठं असतीस, काय करूलालीस मुंबईत?' सगळी चौकशी झाली. मग फोटो पुढे ठेवला. चष्मा पुसून त्यांनी डावीकडून नावं सांगायला सुरुवात केली, अगदी हजेरी घेतल्यासारखी. तिघांपैकी दोघांची नावं लागली. तिसऱ्यापाशी त्या थांबल्या, म्हणाल्या, 'हा दुसऱ्या शाळेतून मध्येच आला होता, नाव येईना बघ.' आणि मग, मी काहीच बोलले नसताना, त्यांनी माझ्या बाकावरच्या त्या मुलीचं नाव घेतलं. 'ही कुठाय? त्या दिवशी शाळेत होती की.' मी सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मी मोजायला पायजे होतं.'

तिचा नंबर तिच्या भावाकडून मिळाला. ती लग्न होऊन खानापूरच्या बाजूला असते. मी माफी मागणार होते, वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिनं आधी विचारलं, 'बाई कशा हायत?' मग फोटो पाठव म्हणाली. मी अडखळत म्हटलं, 'अगं, तू नाहीस त्यात.' ती म्हणाली, 'ठाव हाय की. बाई हायत न्हवं?'

ग्रुपवरचा एक मित्र मला म्हणाला, 'लेका, चार घटका हसायला ग्रुप काढला, तू त्याचा अभ्यास करून टाकलीस.' (आमच्याकडे मुलींनाही 'लेका' चालतं.) त्याचं म्हणणं मला पटतं. दिवसभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला हसायचा हक्क आहे, आणि प्रत्येक आठवणीचा हिशेब मांडत बसलं तर कुणी ग्रुपवर थांबणार नाही. पण हसणं थांबवा असं मी म्हणतच नाही. हसता हसता दोन नावं लिहून ठेवली तर हसण्यात काय कमी होतं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मीच माझ्यावर घेते. माझा धाकटा चुलतभाऊ पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातो. ग्रुपवर शाळेच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांची भाचवंडंही तशीच जातात. कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०१४ रोजी सांगितलं की माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे, सरकार मातृभाषाही लादू शकत नाही. काकांना मी दोष देत नाही. नोकरी कोणत्या भाषेत मिळते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मग आपल्या गहिवराचा अर्थ काय उरतो? मला वाटतं, शाळेला आपण मुलं देऊ शकत नसलो तरी निदान तिची नोंद नीट देऊ शकतो. शाल-श्रीफळ देऊन एक दिवस सत्कार करणं सोपं असतं. नावं जुळवायला महिने लागतात.

काम तसं लहान आहे. घरचा जुना ग्रुप फोटो काढा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की ते निघत नाही. रंगीत प्रिंट उजेडात उडतात, म्हणून भिंतीवर लावायची तर प्रत लावा, मूळ फोटो अंधारात ठेवा. ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर चेहरे फुटतात. शिक्षक हयात असतील तर त्यांच्यासमोर बसून नावं विचारा, आणि एक प्रत शाळेत द्या. सर्वांत खाली 'फोटोत नसलेले' अशी एक ओळ सोडा. ती ओळ भरायची सर्वांत अवघड, आणि ती फक्त वर्गमित्रच भरू शकतात.

आपल्या मंडळाच्या अंकाचाही इथे संबंध येतो. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे आपल्याला माहीत आहे ती वर्गाच्या फोटोमुळे नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकानं तिचा निबंध छापला, म्हणून. एका शाळकरी मुलीचं नाव पावणेदोनशे वर्षं टिकायला एक छापील पान पुरलं. आपल्या अंकात दर वेळी एक शाळा, एक फोटो, मागची सगळी नावं आणि शिक्षकांनी केलेल्या कामाच्या दहा ओळी, असं एक पान का असू नये? नावं छापण्याआधी त्या त्या माणसाला विचारू. ज्यांना नको असेल त्यांची नाही छापायची.

ती आता आमच्या ग्रुपवर आहे. फारशी बोलत नाही, 'गुड मॉर्निंग'ला हात जोडते. माझ्याकडच्या फोटोमागे शेवटच्या ओळीत तिचं नाव लिहिलंय. मागच्या रांगेत डावीकडून पाचव्या मुलाची जागा अजून कोरी आहे. दिवाळीला गावी गेलो की शाळेचं दाखलपुस्तक बघायला मिळतं का ते विचारणार आहे.