कारखान्याचें पाणी आणि आपला मळा

उन्हाळ्यांत विहीर आटली कीं शहरालगतच्या बागाइतदारास कारखान्याच्या नाल्याचा मोह पडतो. पाणी फुकट, पालक-मेथी तजेलदार आणि बाजार हाताशीं! परंतु पानाच्या तजेल्यावरून मालाची शुद्धता ठरवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

धातुकाम, बॅटऱ्या, रंग इत्यादि कारखान्यांच्या सांडपाण्यांत शिसें, कॅडमियम यांसारखे जड धातु असूं शकतात. शेणखताप्रमाणें ते कुजत नाहींत. वर्षानुवर्षें जमिनींत सांचतात. कॅडमियम मुळांवाटें पानांत सहज चढतें. आम्ल जमिनींत तर अधिकच. शिसें बहुधा मातीस चिकटून राहतें व धुळीबरोबर पानांवर बसतें. धुतल्यानें धूळ जाते. पानांत मुरलेला धातु मात्र शिजवूनहि नष्ट होत नाहीं. पालेभाजींत दर किलोस शिसें ०.३ व कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, अशी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा आहे. इतका अल्प अंश डोळ्यांस कसा दिसावा?

जपानांत जिंझू नदीच्या कांठीं खाणीच्या सांडपाण्यानें भातखाचरें कॅडमियमनें दूषित झालीं. तेथील लोकांचीं मूत्रपिंडें बिघडलीं, हाडें ठिसूळ झालीं. १९६८ सालीं सरकारनें हें कारण मान्य केलें. १९७२ सालीं वरिष्ठ न्यायालयांतहि पीडितांचा जय झाला, आणि खाणीची तपासणी करण्याचा हक्क त्यांनीं मिळविला. जमिनीची दुरुस्ती मात्र २०१२ पर्यंत चालली.

तपासणी केल्यास गिऱ्हाईक तुटेल, अशी भीति कित्येक बंधु बोलून दाखवितात. ती खोटी नाहीं. पण तीच भाजी आपल्याहि मुलांच्या ताटांत पडते, आणि पुराव्यावांचून भरपाई कोणापाशीं मागणार? प्रदूषण करणाऱ्यानेंच त्याचा खर्च सोसावा, हें तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं मान्य केलें आहे. हरित न्यायाधिकरणाचें एक पीठ पुण्यासच आहे.

म्हणून नाल्याकांठच्या शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन पाणी, माती व भाजी यांचे नमुने तपासून घ्यावेत. जमीन आरोग्य पत्रिकेंतील बारा घटकांत शिसें व कॅडमियम नाहींत; त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते. अहवाल हातीं येईपर्यंत नाल्याचें पाणी भाजीस देऊं नये. संशयित जमिनींत पालेभाजीऐवजीं फुलझाडें लावावींत. एका हंगामाचा तोटा पुढच्या हंगामांत भरून निघेल. विषारी झालेली जमीन सुधारण्यास मात्र एक पिढीहि पुरत नाहीं.