माळ कुणाचा, शिकार कुणाची?

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावला दर हिवाळ्यात खंडोबाची यात्रा भरते. जनावरांचा मोठा बाजार आणि भटक्या जमातींचा मेळा ही या यात्रेची जुनी ओळख. याच यात्रेत जिल्हा परिषदेच्या वतीने अश्व, श्वान आणि कुक्कुट यांचे प्रदर्शन भरविले जाते. लांब पायांचे, खोल छातीचे, पोटाशी आवळलेले शिकारी जातीचे कुत्रे तेथे मांडले जातात आणि सरस ठरलेल्या कुत्र्याच्या धन्याला बक्षीस मिळते. कुत्रा हा खंडोबाचा सोबती. तेव्हा देवाच्या दारी त्याचा गौरव व्हावा यात वावगे काही नाही. परंतु ज्या गुणांसाठी हा गौरव होतो ते नजर, दम आणि वेग हे गुण त्याच्या अंगी कशासाठी बाणविले गेले, हा प्रश्न त्या मांडवात कुणी विचारीत नाही. ते गुण शिकारीसाठी बाणविले गेले, आणि आज शिकार हा गुन्हा आहे. गुणाला बक्षीस द्यायचे आणि तो गुण घडविणाऱ्या माणसाकडे मात्र संशयाने पाहायचे, असा हा व्यवहार आहे.

लातूर, नांदेड आणि त्यांना लागून असलेला सोलापूर-विजापूरचा पट्टा हे कारवानी आणि पश्मी या कुत्र्यांचे माहेर. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हे कुत्रे मध्य आशियाच्या बाजूने दख्खनमध्ये आले असावेत असे मानले जाते. हा वास काढीत जाणारा कुत्रा नव्हे. तो डोळ्याने शिकार हेरतो आणि पायाने गाठतो. त्यामुळे त्याला दाट जंगल उपयोगाचे नाही, त्याला मोकळा माळ हवा. मराठवाड्याने त्याला तो दिला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच कुळातील कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली, तेव्हापासून तो ‘मुधोळ हाउंड’ या नावाने प्रतिष्ठित झाला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. मात्र हाच कुत्रा पारध्याच्या पालाबाहेर बांधलेला दिसला की तो संशयाचे कारण होतो. जात एक, रक्त एक. फरक फक्त दोरी कुणाच्या हातात आहे एवढाच.

मराठवाड्यात शिकारीच्या दोन परंपरा नांदल्या. पहिली हौसेची. निजामी राजवटीत जहागिरदार आणि त्यांचे पाहुणे शिकारीला निघत. पाहुण्याला मुलूख परका असे. तितराचा थवा सांजेला कोणत्या झुडपात उतरतो, ससा कोणत्या ओघळीने निसटतो, मोर कोणत्या पाणवठ्यावर येतो, हे त्याच्या बंदुकीला ठाऊक नसे आणि त्याच्या विलायती कुत्र्यालाही नसे. ते ठाऊक असे गावच्या पारध्याला, गुराख्याला, वेठीला धरलेल्या हाकाऱ्याला. विलायतेत ज्याला फेझंट म्हणतात त्या पक्ष्याच्या कुळातलेच मोर, तितर आणि लावा हे या माळावरचे पक्षी. त्यांचा ठावठिकाणा सांगणारा माणूस पहाटे पुढे चाले, झुडपे झोडी, कुत्र्यांमागे धावे. संध्याकाळी पक्षी मोजले जात ते पाहुण्याच्या नावावर. परक्या मुलखात शिकार साधते ती स्थानिकाच्या ज्ञानावर, आणि त्या ज्ञानाची किंमत वेठीच्या हिशेबात शून्य धरली जाते. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९४९ साली जहागिरी गेल्या. परंतु दुसऱ्याचे ज्ञान फुकट वापरण्याची ही सवय तेवढ्या लवकर गेली असे म्हणता येणार नाही.

दुसरी परंपरा पोटाची. फासेपारध्याचे नावच त्याच्या हत्यारावरून पडले. गवतात फाशांची रांग मांडायची, पाळीव तितराला बोलता करायचे आणि त्याच्या आव्हानाला उत्तर देत रानतितर फाशापर्यंत येईतो दम धरून बसायचे. काही जण शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने पाखरांजवळ सरकत. या शिकारीत बंदुकीचा आवाज नाही, पाहुणे नाहीत, छायाचित्र नाही. दोन तितर मिळाले तर चूल पेटते, न मिळाले तर पेटत नाही. या माणसांना इंग्रजी राज्याने १८७१ च्या कायद्याच्या मालिकेत ‘गुन्हेगार’ ठरविले. गुन्हा शाबीत होण्याची गरज उरली नाही. जन्म हाच पुरावा झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि गुन्हेगार जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलीस ठाण्याच्या वहीतील जुनी नावे नव्या रकान्यात गेली. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर, हा शिरस्ता कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही; म्हणूनच तो कोणत्याही कायद्याने रद्द होत नाही.

या पार्श्वभूमीवर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यक होता यात शंका नाही. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या बंदुकांनी देशाच्या वन्य जीवनाची जी लूट केली तिला कुठे तरी बांध घालणे भागच होते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. तेव्हा शिकारबंदी उठवा असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही. पण हा कायदा कुणावर कसा पडला हे पाहिले पाहिजे. मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. परवाना म्हणजे अर्ज, शुल्क, कचेरीतील खेपा. ज्याला या तिन्ही गोष्टी परवडत होत्या त्याची शिकार कायदेशीर, ज्याला परवडत नव्हत्या त्याची बेकायदेशीर. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्याची वाट बंद केली आणि निदान कागदावर सर्व शिकारी सारखे झाले.

कागदावर, असे म्हणायचे कारण आहे. कायद्याच्या व्याख्येत मारणे एवढीच शिकार नाही. पकडणे, पाठलाग करणे, फासे लावणे, हाकारणे, आमिष दाखविणे हे सारे शिकारीतच मोडते. व्याख्या योग्यच आहे. परंतु शहरातून रात्री गाडी घेऊन येणारा हौशी शिकारी पहाटेपूर्वी जिल्ह्याची हद्द ओलांडून जातो. मागे राहतो तो वाट दाखविणारा, ज्याचे पाल तेथेच आहे, ज्याचा कुत्रा तेथेच बांधलेला आहे आणि ज्याच्या झोपडीत फासे सापडणारच आहेत. पकडला जाणे सोपे कुणाला, हे सांगायला पंचनाम्याची गरज नाही. जोधपूरजवळच्या १९९८ च्या गाजलेल्या काळवीट प्रकरणात खालच्या न्यायालयाचा निकाल लागायला २०१८ साल उजाडले आणि शिक्षा झालेल्याला दोन दिवसांत जामीन मिळाला. जामीन हा आरोपीचा हक्क आहे, तो मिळाला याचे दुःख नाही. दुःख याचे की मराठवाड्यातील पारध्याला त्याच हक्कासाठी जामीनदार कोठून आणावा हा प्रश्न पडतो.

आता काही जण वेगळाच उपाय सुचवितात. शिकार पैसे घेऊन खुली करा, शिकाऱ्यांच्या पैशातून वन्यजीव राखा, असे ते म्हणतात आणि अमेरिकेचा दाखला देतात. दाखला पुरता पाहावा. तेथील साउथ डकोटा राज्यात फेझंट हा आशियातून नेऊन सोडलेला पक्षी आज राज्यपक्षी आहे आणि हंगामात परप्रांतीचे शिकारी कुत्रे घेऊन तेथे उतरतात. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरील कर वन्यजीवांच्या कामी येतो हेही खरे. पण तेवढ्याने फेझंट टिकलेला नाही. १९८५ पासून तेथील सरकार शेतकऱ्यांना काही जमीन नांगराखाली न आणता गवताखाली ठेवण्यासाठी पैसे देते. गवत वाढले की फेझंट वाढतो, मक्यासाठी गवत नांगरले की तो घटतो. म्हणजे त्या दाखल्याचा अर्थ बंदुकीत नाही, गवतात आहे. शिवाय जेथे जमीन नसलेल्या माणसाला अजून गावाच्या हद्दीत पाल ठोकू दिले जात नाही, तेथे विकत घेतलेली शिकार म्हणजे जहागिरदारी पावती-पुस्तकासह परत आणणे होय. पाहुणा पुन्हा परका, हाकारा पुन्हा तोच.

खरा प्रश्न माळाचा आहे, आणि त्याविषयी सर्वत्र मौन आहे. नांदेडमध्ये किनवट-माहूरकडे तरी जंगल उरले आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. तेथे पाखरांचा आणि सशांचा आसरा म्हणजे माळ, पडीक रान आणि गायरान. शासनाच्या दप्तरात हे सारे ‘ओसाड’. ओसाड म्हटले की ते कुणालाही देता येते. माळ फोडून सोयाबीन आले, पाण्याच्या कडेने ऊस आला, उरलेल्या जागी खाणी आणि कारखाने आले. गायरानावर पोटासाठी नांगर धरणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय शासनाने १९७८ आणि १९९१ साली घेतले, पण ती जमीन नावावर लावून घेण्यासाठी दलित आणि भटक्या कुटुंबांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी वाचविण्याचा आदेश दिला. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातच आहे, तरी ‘अतिक्रमण हटवा’ ही मोहीम गरिबाच्या झोपडीपासूनच सुरू होते. तितर फाशाने संपला असता तर शेकडो वर्षांपूर्वीच संपला असता. त्याचे घर नांगराने आणि यंत्राने मोडले. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र फासे उभे आहेत.

या सर्वांतून एक विपरीत स्थिती निर्माण झाली आहे. पूर्वी पाहुण्याला मुलूख परका असे आणि पारध्याला ओळखीचा. आज पारध्यालाच स्वतःचा मुलूख परका झाला आहे. ओळखीची झुडपे नाहीत, ओघळी बुजल्या, पाणवठ्यांना कुंपण पडले. त्याच्याजवळ जे ज्ञान आहे ते वापरले तर गुन्हा, न वापरले तर उपास. शाळेत मुलाचा दाखला निघत नाही, कारण जन्माची नोंद नाही. जमिनीवर नाव लागत नाही, कारण रहिवासाचा पुरावा नाही. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ साली आणि इदाते आयोगाने २०१८ साली अहवाल दिले. अहवाल आले, पण पालावरची चूल त्यांनी पेटत नाही.

मार्ग नाही असे नाही. अकोला-वाशीमच्या भागात ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने फासेपारधी समाजातील माणसांनी तणमोर आणि तितर यांसारख्या माळपक्ष्यांचा माग ठेवण्याचे, गवताळ रान राखण्याचे काम हाती घेतले. ज्या डोळ्यांनी पाखरू धरण्यासाठी हेरले तेच डोळे त्याचे घरटे राखण्यासाठी हेरू लागले. यात कुणावर उपकार नाही. हे कसबाला मिळालेले काम आहे. नांदेड-लातूरमध्ये हे का होऊ नये? गायरानाचा काही भाग गवतासाठी राखून ठेवावा. तो राखण्याचे काम वर्षभराच्या मजुरीवर पारधी कुटुंबांना द्यावे, आणि गवताच्या विक्रीत त्यांचा वाटा ठरवावा. जे भूमिहीन गायरान कसून जगत आहेत त्यांच्या नावावर जमीन आधी लावावी, म्हणजे माळ राखण्याचे ओझे पुन्हा गरिबाच्याच पोटावर पडणार नाही. हरणे आणि रानडुकरे पिकात शिरतात अशी शेतकऱ्यांची रास्त तक्रार आहे. जनावरांच्या हालचाली ओळखणारे माहीतगार वनखात्याला हवे असतील तर ते पालावर आहेत. त्यांना नियुक्तिपत्र द्यावे. मग माळेगावच्या मांडवातील त्या कुत्र्यालाही पिकाची राखण करण्याचे प्रतिष्ठेचे काम मिळेल.

शिकारबंदीचा कायदा पाळलाच पाहिजे. परंतु ज्याची उपजीविका कायद्याने काढून घेतली त्याला दुसरी देणे हा त्याच कायद्याचा न लिहिलेला उत्तरार्ध आहे. १९७२ पासून आजवर शासनाने पूर्वार्धाचीच अंमलबजावणी केली. उत्तरार्ध लिहिला जात नाही तोवर या मुलखात एकच शिकार निर्वेधपणे चालू राहील, आणि ती तितराची नसेल.