लाठीमागचा चेहरा दिसलाच पाहिजे

वर्दीतल्या पोलिसाला तोंड झाकण्याची मुभा नको. हे मी गोव्यातल्या पाळी गावात राहून म्हणतो. खाणपट्ट्यातल्या माणसाला बंदोबस्त समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१७ मध्ये जवळच्या सोनशीत खनिजाचे ट्रक अडवले म्हणून ४५ गावकरी गजाआड गेले. प्रत्येकाचे नाव, गाव कागदावर चढले. ६ जानेवारी २०२१ ला शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमिनीवरून लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. गावकरी जखमी झाले, पोलीसही झाले. गावकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. गावानेही एका अधिकाऱ्यावर कारवाई मागितली, कारण तो ओळखू आला. हेल्मेट आणि मास्कआडच्या शिपायाविरुद्ध तक्रार करायची तर कुणाच्या नावाने?

संशयिताला कोर्टात नेताना त्याच्या तोंडावर काळा बुरखा चढवतात. ओळखपरेडीआधी साक्षीदाराला चेहरा दिसला तर पुरावा बाद होईल, ही धास्ती असते. म्हणजे चेहऱ्याची किंमत पोलीस खात्याला पुरती ठाऊक आहे!

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले की अटक करणाऱ्या पोलिसाचे नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही नाव दिसण्याची अट आहे. पण ती अटकेपुरती. ज्याला नुसते झोडपले आणि सोडून दिले, त्याच्यासाठी त्या कलमात एक शब्द नाही. दंगलीचे जाड जॅकेट चढले की छातीवरची नावाची पट्टी त्याखाली गडप होते, आणि हे वरिष्ठांना दिसत नाही असे मी मानायला तयार नाही.

अतिरेक्यांवर चालून जाणाऱ्या कमांडोने तोंड झाकावे. तिथे वाद नाही. पोलिसाच्या बायकामुलांना धमक्या येतात, हेही खरे. मग नावाऐवजी क्रमांक द्या. हाँगकाँगच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच ठणकावले: दंगलविरोधी पोलिसावर ओळखीची खूण हवीच. कॅलिफोर्नियाने तर २०२५ मध्ये पोलिसांच्या मुखवट्यांविरुद्ध कायदा केला.

गोव्याचे गृहखाते सांभाळणारे मुख्यमंत्री प्रमोद सावंत आमच्याच कोठंबी-पाळीचे. त्यांनी एवढा आदेश काढावा: बंदोबस्तावरच्या प्रत्येक पोलिसाच्या हेल्मेटवर, छातीवर आणि पाठीवर वीस पावलांवरून वाचता येईल असा क्रमांक. तो झाकला तर निलंबन.